१७१ क्रमांकाची आज्ञा

बिटकॉइनच्या नियमांत १७१ क्रमांकाची एक आज्ञा आहे. तिचं नाव ओपी_कोडसेपरेटर. व्यवहार तपासणारा जगातला प्रत्येक संगणक ती ओळखतो आणि समोर आली तर पाळतो. समोर मात्र ती जवळपास कधीच येत नाही. मार्च २०१९ मध्ये मॅट कोरालो या जुन्याजाणत्या विकसकानं नियमांच्या साफसफाईचा एक मोठा प्रस्ताव मांडला आणि जुन्या पद्धतीच्या व्यवहारांत ही आज्ञा यापुढे चालू देऊ नये, असं त्यात सुचवलं. लगेच रसेल ओकॉनर या दुसऱ्या विकसकानं हरकत घेतली. त्या हरकतीचा गाभा असा, की ही आज्ञा आजवर कुणी वापरली ते दिसतं, पण तिच्या भरवशावर कुणी पैसे ठेवून दिले असतील तर ते दिसायची सोयच नाही.

मी भाईंदर पूर्वेला राहते आणि बँकांसाठी पैशांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. जुनी कलमं काढणं आमच्याकडे दर रिलीजला चालतं. एखादा जुना फाइल फॉरमॅट बंद करायचा असला की आधी लॉग चाळायचे, तो कोण वापरतंय ते शोधायचं, त्या बँकेला मेल करायचा, तारीख द्यायची, यूएटीत, म्हणजे चाचणीच्या यंत्रणेत, बंद करून बघायचं आणि मगच प्रोडक्शनला हात लावायचा. एवढं करून कुणी राहून गेलंच तर त्याचा फोन येतो आणि ते कलम आठवडाभर परत चालू करता येतं. बिटकॉइनमध्ये यातली एकही पायरी नाही. तिथं ग्राहकांची यादी नसते, मेल करायला पत्ता नसतो, फोन करायला कार्यालय नसतं. गेली काही वर्षं मी हा वाद वाचत आले ते एवढ्याचसाठी. आमच्या धंद्यात जो प्रश्न पद्धतीनं सुटतो, तो तिथं माणसांना निव्वळ न्यायबुद्धीनं सोडवावा लागतो.

हे पैसे असतात कुठे, ते आधी सांगते. बिटकॉइनचं नाणं कुणाच्या फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर नसतं. असते ती एक जाहीर खातेवही, आणि तिच्यातल्या प्रत्येक रकमेवर एक अट लिहिलेली असते. जो ती अट पुरी करील, त्यानं ती रक्कम पुढे द्यावी. बहुतेक अटी साध्या असतात, अमुक किल्लीची सही दाखवा, एवढंच. पण सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या बिटकॉइनच्या जनकानं अटी लिहायला एक छोटी भाषाच करून दिली होती. तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील, अमक्याच किल्लीनं चालेल, असलं काय काय त्या भाषेत लिहिता येतं. भाषेतला एकेक शब्द म्हणजे एकेक आज्ञा, आणि प्रत्येक आज्ञेला क्रमांक.

१७१ चं काम काय? सही तपासताना अटीचा किती मजकूर त्या सहीखाली धरायचा, ते ही आज्ञा ठरवते. ती भेटली की तिच्या आधीचं सगळं वगळायचं आणि पुढचंच हिशेबात घ्यायचं. अगदी सुरुवातीला रकमेवरची अट आणि ती खर्च करणाऱ्याचं उत्तर एकाला एक जोडून सलग चालवत असत. दोहोंच्या मध्ये ही आज्ञा रेघेसारखी लागायची. २०१० च्या मध्यावर लक्षात आलं, की या जोडणीमुळे कुणीही उत्तरात दोन आज्ञा टाकून वाटेल त्याची रक्कम उचलू शकतो. सातोशीनं दोन्ही भाग वेगवेगळे चालवायला सुरुवात केली. भोक बुजलं. रेघ मारायची आज्ञा तेवढी मागे राहिली.

तिच्या जोडीला आणखी एक अवशेष आहे, फाइंडअँडडिलीट. सही तपासण्याआधी अटीच्या मजकुरात तीच सही कुठे सापडली तर पुसून टाकायची, असा तो नियम. सहीला स्वतःवरच सही करता येत नाही, हे त्याचं कारण. हा कोड कुणालाही वाचता येतो. इंटरप्रिटर नावाच्या फायलीत तो आहे: मजकुराच्या आरंभापासून एकेक आज्ञा ओलांडत जायचं, सहीशी जुळणारे बाइट आले की वगळायचे, उरलेले तुकडे जोडायचे. लहानसंच फंक्शन आहे, वाचायला अवघड नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सेगविट ही नवी पद्धत आली तेव्हा तिच्यातून हे पुसणं वगळलं गेलं. पण जुन्या व्यवहारांसाठी आजही ते जसंच्या तसं करावं लागतं. हजारो संगणकांतल्या काहींनी पुसलं आणि काहींनी नाही, तर एकाच खातेवहीच्या दोन खातेवह्या होतील, आणि पैशाच्या व्यवस्थेत याहून वाईट काही घडू शकत नाही.

सातोशीनं स्वतः कलमं काढली तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. ऑगस्ट २०१० मध्ये त्यानं गुणाकार, भागाकार, मजकुराला मजकूर जोडणं अशा पंधरा आज्ञा एका फटक्यात बंद केल्या. त्याच महिन्याच्या १५ तारखेला एका बेरजेतल्या दोषामुळे १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन शून्यातून तयार झाले होते, आणि एकूण बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊ नयेत, हा तर मूळ करार. काही तासांत दुरुस्ती झाली आणि साखळीचा, म्हणजे खातेवहीचा, तेवढा भाग बाद ठरवला गेला. मला ते तेव्हा योग्यच झालं असं वाटतं. एक बिटकॉइन त्या वेळी दहा अमेरिकी सेंटांनाही मिळत होतं आणि वापरणारे एकमेकांना ओळखत होते. कुणाची आयुष्याची पुंजी त्यात अडकलेली नव्हती.

मग २०१९ मध्ये एवढ्या अडगळीतल्या आज्ञेची आठवण का झाली? कारण ती निरुपद्रवी नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी जवळजवळ सगळ्या व्यवहाराचा मजकूर पुन्हा घेऊन त्याचा छोटा ठसा (हॅश) काढावा लागतो. व्यवहार दुप्पट लांब झाला की काम चौपट होतं. जुलै २०१५ मध्ये खातेवहीला नवी पानं, म्हणजे ब्लॉक, जोडणाऱ्या एका खाणकाम-समूहानं, साखळीवर साचलेल्या किरकोळ रकमांचा कचरा गोळा करावा या चांगल्या हेतूनं, ५,५६९ रकमा एकाच व्यवहारात घातल्या. ३६४२९२ क्रमांकाचा अख्खा ब्लॉक त्या एका व्यवहारानं भरला, आणि तो तपासायला तेव्हाच्या संगणकांना सुमारे २५ सेकंद लागले. हेतू चांगला असताना ही गत. वाईट हेतूचा माणूस काय करील? तो अटीत कोडसेपरेटर पेरील. ती असली की प्रत्येक सहीचा मजकूर निराळा होतो, आधी काढलेला ठसा पुन्हा वापरता येत नाही, आणि तपासणारा संगणक गुदमरतो. घरच्या साध्या संगणकावर साखळी तपासणारी माणसं अशानं मागे पडतात, आणि बिटकॉइनवर विश्वास ठेवायचा तो त्यांच्याच जोरावर. कोरालो यांचा मुद्दा खरा होता, हे मी ठासून सांगते.

२०१८ मधल्या ०.१६.१ या आवृत्तीपासून बिटकॉइन कोअर या मुख्य सॉफ्टवेअरनं असले व्यवहार पुढे पाठवणं बंदही केलं आहे. व्यवहार वाहून नेणारे संगणक ते घेत नाहीत. खाणकामगारानं थेट ब्लॉकमध्ये घातले तर मात्र ते आजही ग्राह्य धरावे लागतात. म्हणजे नियम जिवंत आहे, रस्ता तेवढा बंद आहे.

आता हरकतीकडे. एप्रिल २०१२ पासून बिटकॉइनमध्ये अट उघड न लिहिता तिचा फक्त ठसा लिहायची सोय आहे. ३ या अंकानं सुरू होणारे पत्ते या पद्धतीचे. खातेवहीत दिसतात ते २० बाइट, बस. खरी अट मालकाकडे असते आणि पैसे खर्च करतानाच ती जगाला दिसते. समजा, २०१४ मध्ये कुणी आपल्या मुलीसाठी रक्कम ठेवली. अटीत ही आज्ञा होती. २०३० च्या आधी चालणार नाही असा व्यवहार त्यानं सही करून ठेवला आणि मग, मोह नको म्हणून, किल्ली नष्ट केली. हे आडमुठं आहे, पण नियमांत बसणारं आहे. उद्या १७१ रद्द झाली तर २०३० साली त्या मुलीच्या हातात एक वैध सही असेल आणि ती कुणीच मानणार नाही. तिला आधी सावध करूनही उपयोग नाही, कारण मुदतीपूर्वी पैसे हलवायची किल्लीच उरलेली नाही. असा माणूस आहे का? बहुधा नाही. तो नाही असं सिद्ध करता येतं का? तेही नाही.

आमच्या भागातल्या माणसाला जुनं कलम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मिरा, भाईंदर, घोडबंदरच्या पुष्कळ सातबाऱ्यांवर ‘इतर अधिकार’ या रकान्यात एका खासगी कंपनीची नोंद पिढ्यानपिढ्या राहिली. तिचं मूळ इंग्रज सरकारनं १८७० साली दिलेल्या भाडेपट्ट्यात. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखायचे आणि त्याबदल्यात पिकातला वाटा घ्यायचा, असं आमचे आजोबा त्या पट्ट्याबद्दल सांगत. पुढे भातशेती आटली, बांध दिसेनासे झाले, जमिनींवर इमारती आल्या. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदर शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. नोंद जागच्या जागी. आमच्या घरच्या तुकड्याचा व्यवहार त्या एका ओळीपायी वर्षानुवर्षं रखडला. बाबांनी त्यासाठी तलाठी कार्यालय आणि तहसीलच्या किती खेपा घातल्या, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही.

त्यामुळे कोरालो यांचा प्रस्ताव वाचताना माझं मन साफसफाईच्याच बाजूला होतं. जुन्या ओळी माणसांना नडतात, त्या पुसाव्यात. एकदा रात्री जेवताना मी बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, चला, कुठे तरी जुनी नोंद निघतेय. ते म्हणाले, “काढा म्हणणारा आपल्यासारखाच असतो गं, ज्याला ती ओळ नडते. ज्याची ओळ आहे त्याला विचारलं का कुणी?”

ज्यांना त्या ओळीनं एवढं छळलं, त्यांनी हे म्हणावं, म्हणून मला ते जास्त लागलं. आणि विचार करता फरकही स्पष्ट झाला. सातबाऱ्यावरची नोंद उठवायची तर फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर सुनावणी होते, निकाल पटला नाही तर प्रांताकडे अपील करता येतं. वेळ जातो, चपला झिजतात, पण ज्याचा हक्क जाणार त्याचं नाव कागदावर असतं आणि त्याचं म्हणणं ऐकता येतं. म्हणून ती नोंद न्यायानं काढता येते, आणि काढावी, असं मी आजही म्हणेन. २० बाइटच्या ठशामागं नाव नाही. नोटीस कुणाच्या दारावर लावायची? अपील कुणाकडे? जिथं ऐकून घ्यायची सोय नाही, तिथं काढून घ्यायचा अधिकार तितकाच आखडता हवा, असं माझं मत त्या चर्चेनंतर पक्कं झालं.

इथेरियम या दुसऱ्या साखळीची वाट वेगळी होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तिथं सेल्फडिस्ट्रक्ट नावाची आज्ञा होती. तिच्यामुळे साखळीवरचा प्रोग्रॅम स्वतःला मिटवून टाकी आणि उरलेले पैसे सांगाल तिथं पाठवी. ६ नोव्हेंबर २०१७ रोजी पॅरिटी या कंपनीच्या पाकिटांच्या सामायिक प्रोग्रॅमवर एकानं मालकी मिळवली आणि तो मिटवून टाकला. ५८७ पाकिटांतले सुमारे ५ लाख १३ हजार ईथर त्या क्षणी गोठले, ते आजतागायत. चोरीला गेले नाहीत. डोळ्यांसमोर आहेत, पण हलत नाहीत. पुढे इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक बुटेरिन यांनी ही आज्ञा काढावी असा आग्रह धरला. एप्रिल २०२३ मधल्या बदलात आधी फक्त जाहीर केलं, की हिच्यावर आता विसंबू नका. मग १३ मार्च २०२४ रोजी तिची धार काढली: त्याच व्यवहारात जन्मलेला प्रोग्रॅम असेल तरच तो मिटेल, एरवी फक्त पैसे पाठवले जातील. ती फट मुद्दाम ठेवली, कारण काही चालू प्रोग्रॅम नेमके तसे वागत होते. हे कळलं कसं? इथेरियमवर प्रोग्रॅमचा कोड साखळीवर उघडा पडलेला असतो, शोधता येतो, मोजता येतो.

तरीही तिथं कुणाचं नुकसान झालंच नाही असं नाही. जुनी साठवण मोकळी केली की शुल्कात परतावा मिळे, त्या परताव्यावर गॅसटोकन नावाची टोकनं उभी राहिली होती. ५ ऑगस्ट २०२१ च्या बदलानं परतावा एवढा कापला, की ती टोकनं निरुपयोगी झाली. परतावा हा हक्क होता की सवलत, यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. माझ्या मते ती सवलत होती. शुल्काचे दर बदलतील हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. आपली ठेव उघडायची अटच उद्या अमान्य होईल, हे कुणी गृहीत धरून चालत नाही.

सोपं प्रकरणही एक आहे, आणि ते नावानं आपल्या जवळचं. पॉलिगॉन या आणखी एका साखळीच्या चाचणी-साखळीचं नाव ‘मुंबई’ होतं. ती एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली आणि तिची जागा ‘अमॉय’नं घेतली, कारण मुंबई ज्या गोएर्ली या चाचणी-साखळीवर टेकलेली होती तीच गुंडाळली जात होती. कार्यक्रम बदलावे लागले म्हणून काम वाढलं असेल, पण कुणाचा रुपया गेला नाही. चाचणीच्या पैशांना किंमत नसते. अशा ठिकाणी जुनं खुशाल काढावं.

बिटकॉइनच्या त्या प्रस्तावाचं पुढे काय झालं, ते मला या सगळ्यात सर्वांत आश्वासक वाटतं. २०१९ चा मसुदा बाजूला पडला. काही वर्षांनी अँटवान प्वँसो यांनी तो पुन्हा हातात घेतला, आणि आता तो बीआयपी (बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव) ५४ या क्रमांकानं ओळखला जातो. कोरालो यांचंही नाव त्यावर आहे. त्यात १७१ रद्द होत नाही. फाइंडअँडडिलीटही नाही. त्याऐवजी एका मर्यादेची ओळ आहे: जुन्या पद्धतीच्या एका व्यवहारात सही-तपासणीच्या २,५०० पेक्षा जास्त आज्ञा चालणार नाहीत. मुलीसाठी पैसे ठेवणाऱ्या आपल्या काल्पनिक बापाला एक-दोन तपासण्या लागतील, फार तर पंधरा-वीस. २,५०० च्या वर जायचं तर मुद्दाम तसा व्यवहार रचावा लागतो. घातक वापर तेवढा कापला जातो, साधा वापर, मग तो कितीही चमत्कारिक असो, सुटतो. सहा वर्षं डोकं लावल्यावर हा एक आकडा सापडला. मला तो कुठल्याही नव्या सोयीपेक्षा मोलाचा वाटतो.

त्याच प्रस्तावात आणखी तीन दुरुस्त्या आहेत. वेळेच्या नोंदीत फेरफार करून खाणकाम सोपं करून घ्यायची पळवाट बुजवणं, नेमके ६४ बाइट लांबीचे व्यवहार अमान्य करणं, आणि दोन व्यवहारांची ओळख एकच होऊ नये याची कायमची तजवीज. शेवटची गमतीची नाही, काळजीची आहे. २०१० मध्ये असे जुळे व्यवहार खरोखर घडले होते. नंतरच्या नियमांनी तो धोका थांबवला, पण १९,८३,७०२ क्रमांकाच्या ब्लॉकपासून, म्हणजे साधारण २०४६ साली, तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. वीस वर्षं पुढचं आज मिटवायला निघालेली माणसं आहेत, याचा मला आदर वाटतो. ६४ बाइटच्या बंदीबद्दल मात्र अजून मतभेद आहेत, आणि तिथंही प्रश्न हाच: ही लांबी सुरक्षित रीतीनं कुणी वापरूच शकत नाही, एवढं म्हणणं पुरेसं आहे का? मला वाटतं पुरेसं आहे, कारण तेवढ्या जागेत पैशाला धड कुलूप लावणारी अट मावतच नाही.

हे लिहीत असताना बीआयपी ५४ अमलात आलेला नाही. तो येईल तेव्हा माझी एकच मागणी राहील, मुदतीची. टॅपरूट ही नवी सोय जून २०२१ मध्ये मंजूर झाली आणि नोव्हेंबरात चालू झाली. पाच महिने. नवी सोय द्यायला ते ठीक आहे, कारण ज्याला हवी तो घेईल. जुन्या नियमाला मर्यादा घालताना निदान दोन वर्षं द्यावीत, धोका कागदावर कितीही नगण्य असला तरी. मिरा रोड, भाईंदर, वसईतली जी मुलं २०१३-१४ च्या सुमारास हौसेनं यात शिरली, त्यांतली पुष्कळ आज संसाराला लागली आहेत आणि या चर्चांच्या आसपासही नाहीत. त्यांच्यासाठी मी मराठीत एक पानभर मजकूर तयार करतेय: तुमचं पाकीट २०१८ च्या आधीचं आहे का, पत्ता ३ नं सुरू होतो का, अट कुणी हातानं लिहून दिली होती का, पुढच्या तारखेचा सही केलेला व्यवहार कुठे ठेवला आहे का. या प्रश्नांची उत्तरं हो असतील तर अटीचा मूळ मजकूर शोधून ठेवा. नुसती किल्ली पुरत नाही.